पडताळणी करू नका

९ फेब्रुवारी

टिल्लूस आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. माझा फोन चौकशीच्या बाईंनी खाकी पाकिटात घालून, वर लाख लावून ठेवून घेतलाय. चौकशी संपेपर्यंत हॉस्पिटलमधल्या कुणालाही फोन करायचा नाही, असं लेखी बजावलंय. पत्र लिहू नये असं मात्र त्या कागदात कुठेही नाही. मी दोनदा वाचला.

तुझ्या आईने तुला किती सांगितलं कोण जाणे, ती माझी बहीण, अर्धं गिळून टाकते. म्हणून पहिल्यापासून सांगतो. औषधभांडारातल्या कुलपाच्या कपाटातून दुखण्यावरच्या इंजेक्शनांच्या एकशे वीस कुप्या गेल्या. तीन वेळा, चाळीस-चाळीस. तिन्ही वेळा मी जेवायला गेलेलो असताना कॉम्प्युटरवर माझ्या नावाने मंजुरी पडली. खिडकीवरच्या माणसाने मंजुरी बघून माल दिला, आणि नेणारा नेऊन मोकळा झाला.

बाई म्हणतात, हॉस्पिटलच्या वायरलेसचा पासवर्ड आणि भांडाराच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड एकच असतो, तो तुम्ही कुणाला दिलात? म्हटलं, कुणाला नाही. कुठे लिहून ठेवलात? कुठे नाही. मग गेला कसा? म्हटलं, माहीत नाही. एकतीस वर्षांत कामाच्या जागी 'माहीत नाही' असं मी पहिल्यांदा म्हणालो.

मला सगळे दुबारमामा म्हणतात हे मला ठाऊक आहे. तूही पाठीमागे म्हणतोस. एकदा मोजलेलं पुन्हा मोजतो म्हणून. तर अशा माणसाला आता घरी बसवलंय. जिन्यात मी दिसलो की शेजारचे बोलायचे थांबायचे, तेव्हा तुझी मामी म्हणाली, चला लेकीकडे. इथे जावई सकाळचा पेपर आधी मला देतो. पूर्वी देत नव्हता. त्याचीच जास्त लाज वाटते.

आता तुला विचारायचं ते असं. नोव्हेंबरात मोठ्या हॉलमध्ये तूच सगळ्यांच्या फोनवर ते प्रमाणपत्र बसवत होतास. माझ्या फोनमध्ये तेव्हा काही राहून गेलं असेल का? मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू नीट आठवून लिही.

मामा

१७ फेब्रुवारी

मामांना नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघून आमच्या खात्यातले हसले, कारण इथे कुणी पेन धरलेलं कुणाला आठवत नाही. मी म्हटलं, माझ्या मामांचं अक्षर छापलेल्यासारखं आहे, बघून घ्या.

तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. या चौकशा अशाच असतात, चार कागद इकडून तिकडे जातात आणि मग फाइल बंद होते. आई पण उगाच रडते.

तुमच्या प्रश्नाबद्दल. प्रमाणपत्र म्हणजे काय, ते आधी सांगतो. दारावर एखादा आला आणि म्हणाला, मी गॅसवाला, तर आपण त्याचं ओळखपत्र बघतो ना? तसंच आपल्या नेटवर्कने फोनला आपलं ओळखपत्र दाखवायचं असतं. ते खरं की खोटं हे फोनला कळावं म्हणून आम्ही आमचं प्रमाणपत्र फोनमध्ये आधी बसवून ठेवतो. बसवलेलं असलं की फोन फक्त खऱ्यालाच पासवर्ड देतो. इतकी साधी गोष्ट आहे.

हॉलमध्ये तीन दिवसांत तीनशे चाळीस फोन झाले. त्यातला तुमचा एक, आता नेमकं काय आठवणार? माझ्या आठवणीप्रमाणे तुमचा नीटच झाला होता. पण फोन पुढे कधीकधी मधेच काहीतरी विचारतो, आणि माणूस घाईत 'हो' दाबून टाकतो. तसं तुमच्याकडून झालं असेल, असं नाही, पण होतं. या वयात सगळ्यांचंच होतं, आमच्या साहेबांचंसुद्धा होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मामींना नमस्कार. गुडघे कसे आहेत त्यांचे?

तुमचा,
टिल्लू

२५ फेब्रुवारी

टिल्लूस आशीर्वाद.

मामीचे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझं पत्र वाचल्यापासून मी काय दाबलं ते आठवतोय. सकाळी दात घासताना आठवतोय, जेवताना आठवतोय. लेकीचा फोन मागून घेतला आणि त्यातलं वायरलेसचं पान उघडून बसलो. ती विचारते, बाबा काय शोधताय? म्हटलं, काही नाही. स्वतःच्या लेकीशी खोटं बोललो, तेही या वयात.

तुला एक सांगितलं नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमचा फोन कुणी बसवून दिला? मी म्हटलं, मीच बसवला, हॉलमधल्या खांबावर पायऱ्या लिहिलेला कागद चिकटवला होता तो वाचून. तुझी नोकरी अजून पक्की नाही. मामा-भाचा एकाच ठिकाणी, त्यातून मामावर चोरीचा आळ, म्हणजे लोकांना आयतं कोलीत. म्हणून तसं सांगितलं. आणि आता तू म्हणतोस मीच काहीतरी दाबलं असेन, तर मग ते खोटंसुद्धा राहिलं नाही.

तेव्हा मी असं ठरवलंय. निवृत्तीला एकोणीस महिने उरलेत. बाई म्हणाल्या होत्या, चोरी नाही पण निष्काळजीपणा झाला असं लेखी कबूल केलंत तर हे प्रकरण तिथेच मिटवता येईल. एकतीस वर्षांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर 'निष्काळजी' असा शेरा पडेल. पडू दे. निदान चोर म्हणून तरी घरी जाणार नाही.

सोबत मसुदा पाठवतोय. त्यातले तुमच्या खात्याचे शब्द बरोबर आहेत का ते बघ. चुकीचा शब्द असला तर तिथेही हसं होईल. तू दुरुस्त करून परत पाठव, मग मी सही करतो.

"माझ्या फोनवर हॉस्पिटलच्या वायरलेसची जोडणी करताना मी स्वतः माझ्या अज्ञानाने चुकीचे काहीतरी निवडले, त्यामुळे माझा पासवर्ड परक्याच्या हाती गेला असावा. यात अन्य कुणाचाही दोष नाही."

मामा

४ मार्च

मामांना नमस्कार.

मसुदा बघितला. दोन ठिकाणी शब्द बदललेत, तुमच्याच कागदावर, हिरव्या पेनाने. 'चुकीचे काहीतरी निवडले' याऐवजी 'प्रमाणपत्राची पडताळणी न करण्याचा पर्याय निवडला' असं हवं. बाकी ठीक आहे.

कामाची गडबड आहे. म्हणून इतकंच.

टिल्लू

६ मार्च

मामा,

परवाचा कागद पाठवू नका. हे पत्र आधी हातात पडलं असेल तर तो फाडून टाका, पडलं नसेल तर... मला माहीत नाही काय करायचं. पोस्टाच्या पेटीत हात घालून पत्र परत काढता येत असतं तर मी काढलं असतं. परवा संध्याकाळी त्या पेटीजवळ जाऊन उभा राहिलो होतो. वॉचमन म्हणाला, काही पडलंय का साहेब? मी तसाच निघून आलो.

तुम्ही काहीही दाबलं नव्हतं. मी दाबलं होतं.

सगळं सांगतो. एक फोन नीट बसवायला अकरा मिनिटं लागतात. आधी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. मग फोन म्हणतो, आधी मला कुलूप घाला, आणि निम्म्या लोकांना फोनला कुलूप नको असतं, त्यावर वाद. मग प्रमाणपत्रावरचा लांबलचक आकडा भिंतीवरच्या आकड्याशी जुळवून बघायचा. मग आमच्या यंत्राचं पूर्ण नाव टाइप करायचं. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी चाळीस फोन झाले. साहेबांनी हॉलमध्ये फळा लावला, त्यावर रोजचा आकडा लिहायचा. चाळीस बघून ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी वाट धरली. प्रमाणपत्राच्या जागी फोन एक पर्याय देतो, पडताळणी करू नका. तो निवडला की कुठलंही नेटवर्क चालतं, ओळखपत्र बघायचंच नाही. चाळीस सेकंदांत काम खलास. वायरलेस सुरू होतं, माणूस खूश, फळा खूश. खांबावरचा कागदही मी बदलला. तीनशे फोन मी असे केले, मामा. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. ती थाप आठवली की आता अंगावर काटा येतो.

बाकी सगळ्यांचे फोन इंग्रजीत होते, कुणी वाचलंच नाही. तुमचा एकट्याचा मराठीत होता. तुम्ही चष्मा वर केलात आणि मोठ्याने वाचलंत, "पडताळणी करू नका? अरे टिल्लू, करू नका कसं? करायला नको का?" तुमच्यामागे तीस माणसं होती. मी म्हटलं, "मामा, इथे गोळ्या मोजायच्या नाहीयेत. चला पुढे." सगळी रांग हसली. तुम्हीही हसलात, फोन खिशात घातलात आणि गेलात. मला त्या वेळी फार हुशार असल्यासारखं वाटलं.

पुढे कुणीतरी उपहारगृहात आपल्या नेटवर्कच्याच नावाचं खोटं नेटवर्क चालू केलं असणार. तुमच्या फोनने तू कोण, असं विचारलंसुद्धा नाही. पासवर्ड काढून त्याच्या हातात दिला. तुम्हाला घरी बसवलं त्याच दिवशी मला हे कळलं होतं. आठवलं नाही असं एक दिवसही झालं नाही. तरी तुमचं पत्र आल्यावर मी वयाचं लिहिलं. तुमचा मसुदा आला तर त्यात माझाच गुन्हा नीट शब्दांत मांडून दिला, तुमच्या नावाने. असं कुणी करतं का? मी केलं.

मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. तुम्ही मला माफ करा. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल तसं करीन.

टिल्लू

१४ मार्च

टिल्लू,

तुझा हिरव्या पेनाचा कागद मला सातला मिळाला. मी सही केली आणि त्याच तासाला बाईंच्या नावाने टाकून आलो. नव्याने उतरवून काढला नाही, पुन्हा वाचलाही नाही. तुझं दुसरं पत्र नऊला आलं.

आता माझं ऐक. हॉलमधलं मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. लोक आपल्यावर हसले ते माणूस विसरतो का? तो पर्यायही आठवत होता. लेकीच्या फोनमध्ये मी काय दाबलं ते शोधत नव्हतो, तू काय दाबलंस ते शोधत होतो. सापडलं. त्याआधी पहिल्या पत्रातही तुला सरळ न विचारता आडून विचारलं, राहून गेलं असेल का. वाटलं, सांगेल. तू माझं वय काढलंस. मग मसुदा पाठवला. तो शब्दांसाठी नव्हता, शब्द मला जावयानेही सांगितले असते. वाटलं, हे वाचून तरी याचा हात थांबेल. तू दुरुस्त्या करून पाठवलास. रागाने माझे कान तापले. म्हटलं, घे, आता असंच होऊ दे, आणि सही ठोकली.

पण तीन दिवस झाले, मला स्वतःचीच शरम वाटतेय. बहिणीचा मुलगा, त्याला पहिल्याच पत्रात सांगायचं होतं, बाबा रे, तू हे केलंस, चल दोघं मिळून निस्तरू. ते सोडून मी गळ टाकून बसलो. औषधांच्या पेट्या तपासतात तसं माणसाला तपासायचं नसतं, हे मला या वयात कळायला हवं होतं. तू चुकलास, आणि मी तुला आणखी चुकू दिलं.

पण म्हणून तुझं चुकलेलं कमी होत नाही. माफ करा, असं लिहितोस, आणि काय करू तेही मलाच विचारतोस. मला सांगून तू मोकळा झालास, मी कुठे मोकळा झालो? तुझं पत्र मी बाईंना पाठवणार नाही. ते माझं काम नाही. मी माफ केलं असं लिहायला बसलो होतो, पण जमलं नाही. खोटं कशाला लिहू.

आईला सांगितलंस का? तिला बाहेरून कळू देऊ नकोस.

मामा

२३ मार्च

मामांना नमस्कार.

आईला सांगितलं. तिने ताटं उचलली, भांडी घासली, पुसली, मांडली, आणि मग म्हणाली, "माझा दादा महिनाभर मान खाली घालून फिरतोय, आणि तू माझ्याकडे रोज पोळ्या मागून घेत होतास." त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. बाहेरच्या बाकावर तास गेला. तीनदा उठलो. तिसऱ्यांदा जिन्यापर्यंत गेलो, हेही सांगून टाकतो. आत गेलो तर तुमचा कागद टेबलावर होता. बाईंनी तो माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, "हे हिरव्या शाईतलं अक्षर कुणाचं?" मी म्हटलं, माझं. त्या म्हणाल्या, "बसा. मी तुम्हाला उद्या बोलावणारच होते." म्हणजे आपण होऊन आलो असं म्हणायची सोयही फार उरली नाही. तरी सगळं सांगितलं. तुम्ही रांगेत काय विचारलंत आणि मी काय म्हणालो, तेही शब्दाला शब्द सांगितलं. बाई लिहीत होत्या, तिथे आल्यावर त्यांचं पेन थांबलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी तुमचा फोन पाकिटातून काढून माझ्यासमोर उघडला. त्यात तो पर्याय तसाच होता. खोट्या नेटवर्कचं यंत्र उपहारगृहाच्या छतात सापडलं. ते कुणी ठेवलं, ते पोलीस बघतायत. तुमचा कागद रद्द झाला. शेरा पडणार नाही, चोरीचाही नाही आणि निष्काळजीपणाचाही नाही. कामावर हजर होण्याचं पत्र तुम्हाला दोन दिवसांत येईल, ते तुम्ही दोनदा वाचालच.

माझं काय होणार ते महिनाअखेर ठरेल. तोवर मी ते तीनशे फोन पुन्हा नीट करायचे, असा हुकूम आहे. आणि प्रत्येकाला का बोलावलं ते मी स्वतः तोंडाने सांगायचं. हे बाईंनी नाही सांगितलं, मीच मागून घेतलं. मागताना सोपं वाटलं होतं. काल पहिल्याच माणसासमोर वाक्य अर्धं सोडून पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे पहिल्यांदा आम्हाला फसवलंत होय?" मी हो म्हटलं.

फळ्यावर आता आकडा लिहीत नाहीत. काल सव्वीस झाले.

तुमचा फोन तुम्हाला परत मिळाला की हॉलमध्ये या. मी तिथेच असेन.

टिल्लू

९ एप्रिल

टिल्लू,

भांडारातून हॉलपर्यंत चालत दोन मिनिटांची वाट, आणि तरी पत्र लिहितोय. मामी म्हणते, तुम्हा दोघांना वेड लागलंय. पण आमनेसामने हे माझ्या तोंडातून निघणार नाही, म्हणून लिहून देतो.

सोमवारी मी हॉलमध्ये आलो होतो. तू मान खाली घालून काम करत होतास, तुला दिसलो नाही. रांगेत मी सोळावा होतो. घरून एक वाक्य ठरवून आलो होतो. माझा नंबर आला की सगळ्यांदेखत ते बोलायचं होतं. चांगलं झोंबणारं वाक्य होतं, लोक पोट धरून हसले असते. बसमध्ये मी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं, माझं मलाच हसू आलं होतं.

रांग पुढे सरकली तसा तुझा आवाज यायला लागला. प्रत्येकाला तू तेच सांगत होतास. "मागच्या वेळी मी आळस केला. तुमचा पासवर्ड उघडा पडला असता, तो बदला. चूक माझी होती." एक डॉक्टर घड्याळ बघत होते, त्यांनाही पूर्ण सांगितलंस. माझ्यापुढे नऊ माणसं असतील, तेव्हा माझं वाक्य मला आतून टोचायला लागलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सुटून आलेला, आणि रांगेला भाच्यावर हसवायला निघालेला. मागच्या नर्सबाईंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आणि भांडारात येऊन दार लावून बसलो.

माफ केलं का, ते मला अजून माहीत नाही. सकाळी केलंय असं वाटतं, दुपारी उपहारगृहात बसलो की जातं. तुझी आई म्हणते, थोडा वेळ दे. देतोय.

माझ्या फोनला अजून वायरलेस नाही. काल तुमच्या खात्यातला दुसरा एकजण आला होता, म्हणाला, आणा मामा, मी इथेच नीट करून देतो, अकरा मिनिटांचं काम आहे. माणूस भला वाटला. पण फोन त्याच्या हातात द्यायला माझा हात पुढे होईना. म्हटलं, राहू दे, माझा भाचा करणार आहे.

मामा